एक्केचाळीस नळ्या

पिशोरकरांचा बंदुकीचा कारखाना जालन्याच्या खराब पोलादामुळं बुडाला, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती गोष्ट गावभर पसरवण्यात माझाच हात मोठा आहे. बत्तीस वर्षं मी त्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग, पत्रव्यवहार आणि लायसनची रजिस्टरं सांभाळली. कारखान्याला कुलूप लागल्यावर 'काय हो शैलाताई, असं कसं झालं?' म्हणून जो विचारील त्याला मी हेच उत्तर द्यायची. खरं काय झालं ते सांगायचं तर आधी कडूबा तांगडे हा माणूस सांगावा लागेल.

कडूबा शहराबाहेरच्या शेंद्रा गावचा. त्याच्या आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून आईनं याचं नाव कडू ठेवलं, यमालासुद्धा नकोसं वाटावं म्हणून. स्वभावात कडूपणा मात्र औषधालाही नव्हता. विसाव्या वर्षी तो कारखान्यात लोखंडाचा कीस झाडायला लागला. पुढं त्याच्या घरची जमीन शेंद्र्याच्या नव्या एमआयडीसीत गेली, भावकीनं पैशातून गाड्या घेतल्या, माड्या चढवल्या. हा मात्र सकाळी सायकलवरून निघून आठच्या ठोक्याला आमच्या दारात हजर. सायकलवर अठरा किलोमीटर! मी चार गल्ल्या ओलांडून यायची तरी मला सव्वाआठ व्हायचे.

आमचा कारखाना रेल्वे स्टेशनजवळच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत होता. मालक अनंतराव पिशोरकर. त्यांचे वडील निजामाच्या शिलेखान्यात कारकून होते. हत्यारांच्या नोंदी लिहिता लिहिता त्यांना हत्यारंच कळायला लागली आणि निजामी गेल्यावर त्यांनी लायसन काढून बारा बोअरच्या एकनळी-दुनळी बंदुका बनवायला घेतल्या. ब्राह्मणाच्या घरात बंदुकीचा धंदा म्हणून नातेवाईक हसले. पुढं सोयगावच्या डोंगरकडेपासून लासूर स्टेशनपर्यंत रानडुकरांनी पिडलेला शेतकरी 'पिशोरकरांचीच द्या' म्हणायला लागला, तेव्हा त्याच नातेवाइकांची मुलं नोकरी मागायला आली. मीही त्यातलीच एक, उगाच कशाला लपवा.

बंदुकीचं सगळं मर्म नळीत असतं. ती केसभर वाकडी असली तर छर्रा भलतीकडं जातो, आणि आतून पोलादाला चीर असली तर नळी बार काढणाऱ्याच्या तोंडाशी फुटते. आमच्या शेडमध्ये उत्तरेच्या खिडकीला एक काळी तार आडवी ताणलेली होती. नळी डोळ्याला लावून त्या तारेकडं धरली की नळीच्या आत सावलीची बारीक रेघ पडते. नळी हळूहळू फिरवायची. रेघ सरळ राहिली तर नळी सरळ, मोडली तर तिथं बाक किंवा चीर. सांगायला सोपं आहे. मी कितीतरी वेळा बघितलं, मला कधी रेघ दिसली नाही, नुसता चकचकाट दिसला. अनंतरावांनी कडूबाला त्या खिडकीशी उभं करून दोन वर्षं शिकवलं आणि मग त्याच्या हातात छाप दिली. छाप म्हणजे बोटाएवढा पोलादी ठसा. पास झालेल्या नळीवर तो हातोडीनं उमटवायचा.

थोरल्या पिशोरकरांनी एक नियम घालून दिला होता. ज्याच्या हाती छाप, त्याच्या मागं कुणी नळी बघायची नाही, मालकानंसुद्धा नाही. मागून बघणं म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं. आणि नापास झालेली नळी त्याच दिवशी करवतीनं मधोमध कापायची, म्हणजे तिचा कुणाला गैरवापर करता येऊ नये. हे दोन्ही नियम आम्ही मोठ्या अभिमानानं बाहेरच्यांना सांगायचो.

खंडेनवमीला तर कारखान्याला जत्रेचं रूप यायचं. आमच्या बंदुकांचे मालक आपापलं हत्यार फडक्यात गुंडाळून पूजेला आणायचे. पूजा झाली की कडूबा प्रत्येक नळी फुकट तपासून द्यायचा, तेल करून द्यायचा. नंबर न बघता नुसतं आत डोकावून म्हणायचा, 'ही माझ्या पोराच्या बारशाच्या साली पास केली व्हती.' मी रजिस्टर काढून बघायची, तर खरंच त्याच सालची निघायची. जालन्याहून पुंडलिकशेठ यायचे. आमच्या नळ्यांचं पोलाद त्यांच्याकडून येई. ते आणि अनंतराव कॉलेजात एका बाकावर बसलेले. दोघांचं अरे-तुरे, दोघं पिकली पानं झाले तरी एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायचे. 'अनंता, तुझी बंदूक माझ्या लोखंडामुळं चालते' असं एक म्हणायचा आणि 'पुंडल्या, तुझं लोखंड माझ्या कडूबामुळं खपतं' असं दुसरा. वर्षानुवर्षं हेच दोन विनोद, आणि आम्ही दर वर्षी हसायचो.

मग दिवस फिरले. नवीन लायसन मिळणं जवळजवळ बंद झालं. अर्ज केलेला माणूस कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवून थकायचा. जुन्या लायसनवाल्यांना प्रत्येक निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची कटकट. म्हातारे गेले, पोरांना हत्यार नकोसं झालं. खंडेनवमीला दीडशे बंदुका यायच्या त्या वीसवर आल्या, आणि त्यातले चार जण 'परत घेता का?' असं विचारायला आलेले. कारागीर पन्नासाचे अकरा उरले. शेड बँकेकडं गहाण पडली. अनंतराव तेव्हा पंचाहत्तरीचे होते. मशीनवरची धूळ ते स्वतः पुसायचे, ते मला बघवत नसे.

अशात २०१९ च्या उन्हाळ्यात नाशिकच्या एका सुरक्षा एजन्सीची साठ बंदुकांची ऑर्डर आली. मुदत दोन महिने. वेळेत गेली तर दर वर्षी तेवढीच देऊ, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. बँकेनंही तेवढं झालं तर थांबतो म्हणून सांगितलं. अनंतरावांनी ते पत्र मला तीन वेळा वाचायला लावलं. पुंडलिकशेठनी उधारीवर साठ नळ्यांचं पोलाद पाठवलं, नळ्या कातून तयार झाल्या आणि कडूबा खिडकीशी उभा राहिला.

पहिल्या दिवशी त्यानं नऊ नळ्या नापास केल्या. दुसऱ्या दिवशी सात. आठवड्याअखेर साठातल्या एक्केचाळीस नळ्या करवतीखाली गेल्या होत्या. कारखान्याच्या जन्मात असं झालं नव्हतं, शंभरात तीन-चार जायच्या. करवतीचा तो आवाज ऐकून मी कानात बोटं घातली होती. अनंतराव शेडच्या दारात उभे होते. ते कडूबाला फक्त एवढंच म्हणाले, "पोलाद खराब आलंय का रे?"

कडूबा खाली बघून म्हणाला, "तसंच दिसतंय मालक."

खिडकी पाच पावलांवर होती. अनंतरावांचे डोळे तेव्हाही सुईत दोरा ओवत होते. पण ते पाच पावलं गेले नाहीत, ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "जालन्याला पत्र लिहायचंय."

त्यांनी मजकूर सांगितला, 'आपल्याकडून मालात चूक झाली आहे.' माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "साहेब, चूक कसली? कॉलेजपासूनच्या मित्रानं सडका माल गळ्यात मारला. सरळ दगा म्हणा." त्यांनी टेबलावरचं नाशिकचं पत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "लिहा." मी लिहिलं, आणि टाइप करताना मला बरं वाटलं हेही सांगून टाकते. आठ दिवसांनी जालन्याहून एका ओळीचं उत्तर आलं, 'पोलाद चांगले होते. कळावे.' त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

नवीन पोलाद आणून मुदतीत नळ्या कातणं शक्य नव्हतं. नाशिकनं ऑर्डर काढून घेतली. दिवाळीनंतर बँकेनं शेडवर नोटीस लावली, मालकांनी लायसन परत केलं, उरलेल्या बंदुका सरकारजमा झाल्या. कापलेल्या नळ्यांचे तुकडे कामगारांनी आठवण म्हणून घरी नेले. मीही दोन आणले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला पडद्याच्या दांड्या म्हणून बसवले. अनंतराव समर्थनगरच्या घरात बसून राहिले. कुणी विचारलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "कारखाना गेला, पण खराब नळी आम्ही बाहेर जाऊ दिली नाही. कडूबानं नाव राखलं." कडूबा दर रविवारी सकाळी त्यांना भेटायला जाई आणि त्याच्यासमोरच, आल्यागेल्याला, ते हे वाक्य ऐकवत. त्या वाक्यावर म्हातारा जगत होता. दुसरं होतंच काय त्यांच्याजवळ?

गेल्या मार्चात एका शिबिरात कडूबाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं तो मला डोळा दाखवायला म्हणून घरी आला. 'बाई, तुमच्या घराला लई भेगा पडल्यात, मला आजवर दिसल्याच नव्हत्या' म्हणून माझी चेष्टा केली. मी चहा टाकायला आत गेले, तो मागोमाग आला आणि पडद्याच्या दांडीकडं बघत उभा राहिला. मग त्यानं दांडी काढली, काडीला फडकं गुंडाळून आतून पुसली आणि दाराच्या चौकटीकडं धरून डोळ्याला लावली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. दुसरी काढली, तीही बघितली. चहा उतू गेला तरी माझं लक्ष नव्हतं, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सरळ हाय," तो म्हणाला. "दोन्ही सरळ हायेत बाई."

मग तो स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्या वर्षी त्याला दोन्ही डोळ्यांनी धुरकट दिसायला लागलं होतं. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, महिनाभर विश्रांती सांगितली. तेवढ्यात ऑर्डर आली. छाप दुसऱ्या कुणाकडं नव्हती, त्यामुळं आपण बसलो तर कारखाना बसेल असं त्याला वाटलं. रेघ त्याला दिसायची, पण दुहेरी, लवलवती. नळी वाकडी आहे की आपला डोळा, ते कळेना.

"मंग मी ठरवलं," कडूबा म्हणाला, "जी पक्की दिसंल तीच पास करायची. संशय आला की कापायची. कुणाच्या तोंडाशी फुटली तर काय करू? मला वाटलं हेच इमानदारीचं हाय."

"आणि ऑर्डर संपल्यावर का नाही गेलात डॉक्टरकडं?"

"मालक सगळ्यायला सांगत व्हते ना, कडूबाच्या डोळ्यानं नाव राखलं म्हणून. कंच्या तोंडानं सांगू, डोळेच खराब व्हते म्हणून? पुढं करोना आला. मंग राहूनच गेलं."

मला त्याचा राग आला. कीव आली ती नंतर. वेड्या माणसा, एक शब्द बोलला असतास! चुकीची नळी पास करणारे जगात पोत्यानं मिळतात. हा एवढा प्रामाणिक की चांगल्या नळ्या कापून त्यानं कारखाना मारला. असली चूक आमच्याच कारखान्यात होऊ शकते, दुसऱ्या कुठल्या नाही.

त्याला तरी अजून आशा होती, या दोनच सरळ निघाल्या असतील. तो मुलाच्या, सत्यमच्या, मोटारसायकलवर मागं बसून जुन्या कामगारांची घरं धुंडाळत फिरला. कुणी तुकड्याचा खुंटा केला होता, कुणी दाराचा अडसर. त्याच्या स्वतःच्या घरी त्याची बायको द्वारकाबाई एका तुकड्याची फुंकणी करून सहा वर्षं चूल पेटवत होती. एकूण एकोणीस तुकडे सापडले. त्यातले सतरा सरळ आणि स्वच्छ.

"आता मालकायला सांगतो," तो मला म्हणाला.

मी नको म्हटलं. अगदी स्पष्ट, मोठ्यानं नको म्हटलं. "ते एक्क्याऐंशीचे झाले. तुम्ही सांगून तुमचं मन हलकं होईल, त्यांचं काय? त्यांच्याजवळ एक वाक्य उरलंय, तेही काढून घेणार?"

"त्येच तर टोचतंय बाई. दर रविवारी माझ्या तोंडावर म्हणतेत. आन् तिकडं जालन्याच्या शेठवर फुकटचा आळ."

"थांबा जरा. बघू पुढं," मी म्हटलं.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, अजूनही मला तसं वाटतं. पण ते म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं अनंतराव नव्हते, 'दगा' हा शब्द होता. तो माझा होता. हे कडूबाला मी सांगितलं नाही. माझा शब्द तो मोडत नसे, म्हणून बिचारा आठ महिने थांबला. या आठ महिन्यांत तो खंगला. शेवटी डिसेंबरात डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तो माझ्या दारात उभा राहिला. काळा चष्मा, धुतलेला सदरा.

"चला बाई," म्हणाला. "तुमी नाय आल्या तर मी एकटा जातो."

अनंतराव बाहेरच्या खोलीत उन्हाला बसले होते. शेजारचे कुणी नवीन भाडेकरू त्यांच्याशी बोलत होते. कडूबाला बघताच अनंतरावांनी त्यांना सांगायला सुरुवात केली, "हा बघा, ह्यानं आमचं नाव..." कडूबानं हात जोडले आणि म्हणाला, "मालक, ते म्हणू नका." भाडेकरू समजूतदार होते, निघून गेले. कडूबा उभ्यानंच बोलला. डोळ्यांचं, तारेचं, एक्केचाळीस नळ्यांचं, सतरा तुकड्यांचं, काहीच गाळलं नाही. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. मीही माझं सांगून टाकलं, की दगा हा शब्द मी घातला होता. अनंतराव माझ्याकडं न बघता म्हणाले, "सही माझी होती."

मला वाटलं ओरडतील, हाकलून देतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला जालन्याचा नंबर लावायला सांगितला. तो त्यांना अजून पाठ होता. फोन स्पीकरवर होता, त्यांना हल्ली ऐकू कमी येतं.

"पुंडलिक, मी अनंत बोलतोय."

"बोला," पुंडलिकशेठ म्हणाले.

"तुझं पोलाद चांगलं होतं. आमच्याकडं चूक झाली. मी तुला नको ते लिहिलं."

"पोलाद चांगलंच होतं," पुंडलिकशेठ म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आणखी काही?"

अनंतरावांचे ओठ हलले. त्यांना बरंच बोलायचं असावं, सहा वर्षांचं. पण ते फक्त "नाही" म्हणाले आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

मी इतकी वर्षं त्या माणसाला बघतेय. बँकेनं नोटीस लावली तेव्हाही त्यांची मान ताठ होती. आता ती खाली गेली. त्या क्षणी मला कडूबाचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं, पण कदाचित नसतंही झालं, आणि ते आता कुणालाच कळणार नाही.

"कडूबा," अनंतराव म्हणाले.

"जी मालक."

"त्या दिवशी मी शेडच्या दारात उभा होतो."

"व्हय."

"मला वाटलं होतं, एक नळी घ्यावी आणि बघावी. वाटलं होतं मला." ते थांबले. "तुला वाईट वाटेल म्हणून नाही बघितली."

चष्म्याखालून कडूबाच्या गालांवर पाणी ओघळत होतं. डॉक्टरनं डोळ्यांना हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळं ते तो पुसतही नव्हता.